जुन्या एफ-१५० चा स्पीडोमीटर आणि क्रूझ दोन्ही बंद? आधी मागचा अ‍ॅक्सल बघा

हे सगळं लिहितोय ते १९९४ ते १९९६ च्या फोर्ड एफ-१५० बद्दल, कारण इकडे अमेरिकेत हे ट्रक अजून ढिगाने रस्त्यावर आहेत आणि आपल्यातले पण बरेच जण सामान आणायला, ट्रेलर ओढायला नाहीतर निव्वळ हौस म्हणून असा एखादा ट्रक बाळगून असतात. १९९२-९३ च्या ट्रकला स्पीडोमीटरचा भाग जवळपास हाच लागू होतो, क्रूझचा (म्हणजे पाय न ठेवता ट्रकचा वेग एकसारखा धरणारं क्रूझ कंट्रोल) मात्र होईलच असं नाही, जुन्या पद्धतीचं क्रूझ व्हॅक्यूमवर चालायचं. आणि १९९१ किंवा त्याआधीचा ट्रक असेल तर त्याचा स्पीडोमीटर केबलवाला, त्याचा रस्ताच वेगळा.

या ट्रकचं एक लक्षात घेतलं की अर्धं काम होतं. स्पीडोमीटर, क्रूझ आणि मागच्या चाकांचं एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) हे तिन्ही एकाच सेन्सरवर जगतात. तो सेन्सर गिअरबॉक्सवर नाहीये, मागच्या अ‍ॅक्सलच्या मधोमध जो डिफरन्शिअलचा गोळा असतो ना, त्याच्या डोक्यावर बसवलेला आहे. आत क्राऊनच्या (डिफरन्शिअलमधल्या मोठ्या गिअरच्या) शेजारी १०८ दात्यांची एक रिंग फिरते, दाता सेन्सरच्या टोकासमोरून गेला की बारीकसा एसी करंट तयार होतो. तो सिग्नल दोन वायरींनी पुढे येतो, एबीएसच्या मॉड्यूलला जातो आणि डॅशबोर्डमधल्या स्पीडोमीटरला जातो. स्पीडोमीटर म्हणजे नुसता काटा नाहीये, त्याच्यामागे एक छोटा कॉम्प्युटरच आहे, इकडचे मेकॅनिक त्याला पीसॉम म्हणतात. तो पीसॉम हिशोब करून मैलाला ८००० पल्स असा स्वच्छ सिग्नल बनवतो आणि तोच पुढे इंजिनच्या कॉम्प्युटरला आणि क्रूझला देतो. म्हणजे सेन्सर गेला तर सगळंच गेलं, पीसॉम गेला तर एबीएस ठीक राहील पण काटा आणि क्रूझ दोन्ही जातील, आणि काटा व्यवस्थित चालतोय पण क्रूझ लागत नाहीये तर सेन्सरला हात लावायची बहुतेक गरजच नाही.

म्हणून पार्टच्या दुकानात जायच्या आधी ट्रक एक चक्कर मारून आणा आणि नीट बघा काय काय एकत्र बिघडलंय. काटा पडलाय, पिवळा एबीएसचा दिवा लागलाय, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स भलत्याच वेळी गिअर बदलतोय किंवा ओव्हरड्राइव्हचा (सगळ्यात वरच्या गिअरचा) दिवा लुकलुकतोय, हे सगळं एकदम असेल तर सेन्सर, त्याची वायर किंवा त्याचा कनेक्टर. लोक गिअरबॉक्स उघडायला निघतात अशा वेळी, हजारो डॉलरचं एस्टिमेट घेऊन बसतात, आणि खरं दुखणं २०-४० डॉलरच्या सेन्सरचं असतं. म्हणून कळकळीने सांगतोय, ओव्हरड्राइव्हचा दिवा आणि मेलेला काटा एकत्र दिसला तर गिअरबॉक्सवाल्याकडे जाऊ नका, आधी मागच्या अ‍ॅक्सलखाली जा. काटा खड्ड्यात किंवा रेल्वेच्या रुळावर उड्या मारतो आणि सपाट रस्त्यावर ठीक असतो, तर वायर कुठेतरी घासलीये किंवा कनेक्टर ढिला आहे. काटा एकदम स्थिर आहे पण आकडा चुकीचा दाखवतोय तर टायर बदललेत का ते बघा, त्याबद्दल पुढे सांगतो.

१९९४-९५ च्या ट्रकमध्ये इंजिनच्या कॉम्प्युटरमधून कोड पण काढता येतात, ४५२ आला तर त्याचा अर्थ स्पीड सेन्सरचा सिग्नल पुरेसा मिळत नाहीये. १९९६ मध्ये नवीन पद्धतीचा स्कॅनर चालणारे ट्रक आहेत, त्यात हाच कोड पी०५०० म्हणून येतो. पण कोड फक्त एवढंच सांगतो की कॉम्प्युटरपर्यंत वेग पोचला नाही, सेन्सर मेला की वायर तुटली की पीसॉम गेला हे तो सांगत नाही, तेव्हा कोड बघून लगेच सेन्सर ऑर्डर करू नका.

आता अ‍ॅक्सलखाली जाऊया. पुढच्या चाकांना पुढून-मागून लाकडाचे ठोकळे लावा, मागचा भाग जॅकने उचला आणि अ‍ॅक्सलखाली दोन्ही बाजूंना जॅक स्टँड लावा. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या ट्रकखाली कधीच शिरू नका, हा ट्रक दोन टनांच्या आसपास आहे. मागची दोन्ही चाकं अधांतरी ठेवून गिअर न्यूट्रलला आणि हँडब्रेक सोडलेला, कारण चाक हाताने फिरवून बघायचंय, म्हणूनच पुढच्या चाकांचे ठोकळे घट्ट बसलेत ना ते परत एकदा बघा.

सेन्सरचा कनेक्टर काढायच्या आधी ब्रशने आणि ब्रेक क्लीनरने त्या भागातली सगळी माती साफ करा, हे कंटाळवाणं वाटतं पण पुढे सेन्सर उपसला की ती सगळी घाण सरळ डिफरन्शिअलच्या तेलात पडणार आहे. मग कनेक्टर काढा. वर्षानुवर्षं चिखल आणि हिवाळ्यातलं रस्त्यावरचं मीठ खाऊन त्याची कुलुपपट्टी ठिसूळ झालेली असते, स्क्रूड्रायव्हरने हळूच उचला, ओढाओढी करू नका. आत हिरवट थर दिसला तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, बारीक ब्रशने घासा, आणि परत लावून एक चक्कर मारून बघा, कित्येकदा एवढ्यावरच काटा जिवंत होतो.

नाही झाला तर मल्टीमीटर काढा. मीटर ओहमवर ठेवून सेन्सरच्या दोन पिनांमध्ये रेझिस्टन्स मोजा, साधारण ९०० ते २५०० ओहमच्या मध्ये यायला पाहिजे. मीटर काहीच दाखवत नसेल म्हणजे आतली कॉइल तुटलीये, शून्याच्या जवळ दाखवत असेल तर शॉर्ट झालीये, दोन्हीत सेन्सर बदलायचा. रेझिस्टन्स बरोबर आला म्हणून लगेच सेन्सर पास करू नका मात्र. मीटर एसी व्होल्टवर घ्या, सगळ्यात छोटी रेंज, आणि कोणालातरी चाक जोरात हाताने फिरवायला सांगा. चाक फिरताना आकडा हलला पाहिजे आणि जोरात फिरवलं की वाढला पाहिजे. एकच चाक फिरवलं तर दुसरं उलटं फिरेल नाहीतर जागेवर थांबेल, उलटं फिरत असेल तर आतली रिंग हलतच नाहीये, म्हणून दुसरं चाक धरून ठेवा आणि मग फिरवा. ही गोष्ट माहीत नसली की चांगला सेन्सर पण मेलेला वाटतो.

सेन्सर काढायला एकच बोल्ट आहे. बोल्ट सहज निघतो, सेन्सर निघत नाही. आजूबाजूला गंज चढलेला असतो आणि रबरची ओ-रिंग घट्ट चिकटलेली असते. गंज सोडवायचं तेल मारा, चहा पिऊन या, मग सेन्सर डावीकडे-उजवीकडे थोडा थोडा फिरवत राहा, फिरायला लागला की मग वर खेचा. प्लास्टिकच्या कडेला स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलं तर डोकं हातात येतं आणि धड आत अडकतं, आणि मग ते काढण्यात अख्खा शनिवार जातो.

बाहेर आला की टोकाकडे नीट बघा. टोकात चुंबक आहे आणि लोखंडाचा बारीक कीस त्याला दाढीसारखा चिकटलेला असतो. सिग्नल तुटक यायचं हे एक अगदी नेहमीचं कारण आहे, फडक्याने पुसून टाका, सेन्सर चांगला असेल तर तोच परत बसवता येतो. पण कीस कसला आहे ते बोटावर घेऊन बघा. राखाडी मऊ चिखल असेल, बोटांमध्ये चोळल्यावर काही टोचत नसेल, तर ती इतक्या वर्षांची नेहमीची झीज आहे, काळजी नको. चमकणाऱ्या कपच्या किंवा टोचणारे तुकडे असतील तर आत बेअरिंग किंवा क्राऊन-पिनियन खराब होतंय, तिथे स्पीडोमीटर राहू दे बाजूला, आधी मागचं कव्हर उघडून बघावं लागेल. सेन्सर बाहेर आहेच तर त्या भोकातून बॅटरी मारून आत पण बघा, चाक हळूहळू एक पूर्ण फेरी फिरवा आणि रिंगचे दाते मोडलेत का, रिंग सरकलीये का ते तपासा. बसवताना नवीन ओ-रिंग, तिला थोडं गिअर ऑइल लावायचं, आणि सेन्सर हाताच्या दाबाने पूर्ण खाली बसला की मगच बोल्ट. बोल्टने ओढून खाली बसवायचा प्रयत्न केला की सेन्सरचा बोल्टवाला कान तुटतो.

सेन्सर चांगला निघाला तर वायर. ही वायर अ‍ॅक्सलवरून चॅसीवर जाते आणि तिथून चॅसीच्या कडेने पुढे येते, अ‍ॅक्सल वरखाली होताना जिथे ती वाकते तिथे आणि जिथे क्लिप तुटून ती लोंबकळते तिथे घासून तांबं उघडं पडतं. दोन्ही टोकांचे कनेक्टर काढून एकेक वायर आरपार मोजा आणि मोजत असताना वायर हलवत राहा, स्थिर ठेवून मोजलं तर सगळं ठीकच दिसेल. जोड द्यायचा तर सोल्डर करून वरून गोंदवाली हीट श्रिंक, नुसती चिकटपट्टी अ‍ॅक्सलखाली एक हिवाळा पण टिकत नाही. आणि दोन्ही वायरी आधी जशा एकमेकींत पिळलेल्या होत्या तशाच परत पिळा, सिग्नल फार कमी व्होल्टचा असतो आणि सुट्या वायरी बाहेरची खरखर पकडतात.

एबीएसचा दिवा नाही, सेन्सर ठीक, वायर ठीक, आणि काटा तरी मेलेला, मग पीसॉम किंवा त्याच्या मागचे कनेक्टर. डॅशबोर्डमधून मीटरचं पॅनल काढावं लागतं आणि स्टिअरिंगवर गिअरचा दांडा असेल तर पी-आर-एन-डी दाखवणाऱ्या काट्याची बारीक केबल आधी सोडवावी लागते, ती विसरून पॅनल ओढलं की केबल तुटते, मग गिअर कुठला लागलाय ते कळत नाही. आधी मागचे कनेक्टर काढून पिना साफ करा आणि परत लावून बघा. तरी नाही तर पीसॉम बदलायचा किंवा दुरुस्तीला द्यायचा.

इथे एक गंभीर गोष्ट आहे. किती मैल चाललंय तो आकडा पीसॉमच्या आतच असतो. भंगारवाल्याकडून दुसऱ्या ट्रकचा पीसॉम आणून बसवलात तर तुमच्या ट्रकवर त्या ट्रकचे मैल दिसणार, आणि तसंच सोडून ट्रक विकला तर तो अमेरिकेच्या कायद्याने गुन्हा आहे. कायदा असं सांगतो की बदललेला ओडोमीटर आधीच्याच आकड्यावर लावता येत नसेल तर तो शून्यावर आणायचा आणि ड्रायव्हरच्या बाजूच्या दाराच्या चौकटीवर आधीचे मैल आणि बदलल्याची तारीख लिहिलेला कागद चिकटवायचा. म्हणून माझं मत असं की शक्य असेल तर स्वतःचाच पीसॉम दुरुस्त करून घ्या, हे काम करणारी दुकानं आहेत, पोस्टाने पाठवता येतो, मैलांचा प्रश्नच येत नाही.

टायरचं बघू. या ट्रकमध्ये सेन्सर अ‍ॅक्सलच्या आत असल्यामुळे कोणी मागचे क्राऊन-पिनियन वेगळ्या रेशोचे टाकले तरी स्पीडोमीटर चुकत नाही, चुकतो तो फक्त टायरच्या मापाने. २३५/७५ आर १५ चा टायर जवळपास २८.९ इंच उंच, त्याजागी ३१ इंची टाकले तर फरक सात टक्क्यांचा, म्हणजे काटा ६० दाखवतोय तेव्हा तुम्ही ६४ ने जाताय आणि पोलिसाला ६४ च दिसतंय. फोनच्या जीपीएसवर तपासा, किंवा हायवेवर मैलाचे दगड असतात तिथे काटा बरोबर ६० वर धरून सोबत्याला घड्याळ लावायला सांगा, एक मैल ६० सेकंदात झाला तर काटा खरा, ५६ सेकंदात झाला तर तुम्ही काट्यापेक्षा जोरात आहात. पीसॉममध्ये टायरप्रमाणे आकडा बदलायची सोय आहे पण ती फक्त सहा वेळा वापरता येते, त्यानंतर कुलूप, आणि आधीच्या मालकाने त्यातल्या किती वापरल्यात ते तुम्हाला माहीत नाही. म्हणून हिशोब आधी कागदावर करा, टायर कायमचे कुठले ठेवायचे ते ठरवा, तुमच्या वर्षाचं सर्व्हिस मॅन्युअल समोर ठेवा आणि मगच बटणांना हात लावा.

आता काटा बरोबर चालतोय आणि फक्त क्रूझ लागत नाहीये. इथे सगळ्यात आधी बॉनेट उघडून ब्रेकच्या मास्टर सिलिंडरकडे बघा, आणि हे क्रूझ चालू करायचं नसेल तरी बघा. ब्रेक जोरात दाबला की क्रूझ तोडणारा एक प्रेशर स्विच तिथे बसवलेला आहे. त्याच्या आतला पडदा कालांतराने तडकतो, ब्रेक ऑइल विजेच्या बाजूला झिरपतं, आणि या स्विचला गाडी बंद असताना, चावी खिशात असताना पण करंट असतो, त्यामुळे घरासमोर उभ्या असलेल्या गाड्या पेटल्याच्या घटना झाल्या. फोर्डने १९९९ पासून टप्प्याटप्प्याने या स्विचसाठी गाड्या परत बोलावल्या, २००९ पर्यंत तो आकडा सगळी मॉडेल मिळून १ कोटी ४० लाखांच्या वर गेला. १९९४ ते २००२ चे एफ-१५० त्या यादीत आहेत. तुमच्या ट्रकचं ते काम झालंय का हे फोर्डच्या डीलरला व्हिन (गाडीचा ओळख नंबर) देऊन विचारा. झालं असेल तर स्विचच्या वायरीत फ्यूज असलेला एक छोटा जोड-हार्नेस दिसेल.

याचा क्रूझशी थेट संबंध असा की पार्ट कमी पडत होते तेव्हा डीलर या स्विचचा कनेक्टर नुसता काढून ठेवत होते, आणि बऱ्याच मालकांनी घाबरून स्वतःच कनेक्टर उपसून ठेवला, मग ट्रक विकला गेला आणि नवीन मालक क्रूझ का लागत नाही म्हणून डोकं धरून बसतो. कनेक्टर लोंबकळताना दिसला तर तो तसाच परत खोचू नका. आधी आत ओलावा, ब्रेक ऑइल, काळपट डाग आहे का बघा, असेल तर स्विच नवीन, हार्नेस नवीन, आणि स्विच काढल्यावर ब्रेकमधली हवा नीट काढायची. हार्नेसमधला फ्यूज उडालेला असेल तर त्याने त्याचं काम केलंय, मोठा फ्यूज टाकून गप्प बसवायचं नाही, स्विच बदलायचा.

स्विच ठीक असेल तर ब्रेक दाबून मागे दिवे लागतात का बघा. क्रूझचं मॉड्यूल ब्रेक लाइटच्या वायरीवरून बल्बच्या तारेतून अर्थिंग शोधतं, ते सापडलं नाही की क्रूझ लागू देत नाही. सगळे ब्रेक बल्ब उडालेले असतील किंवा हौसेने एलईडी टाकले असतील तर क्रूझ गप्प बसतं आणि बाकी कुठे काहीच बिघाड दिसत नाही. एलईडी काढून साधे बल्ब लावून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. गिअर हाताने टाकायचा ट्रक असेल तर क्लचच्या पेडलवरचा स्विच पण तपासा.

मग हॉर्न वाजवा. क्रूझच्या बटणांना करंट हॉर्नच्याच वाटेने येतो, हॉर्न पण वाजत नसेल तर आधी फ्यूज, आणि फ्यूज ठीक असेल तर स्टिअरिंगच्या आत गुंडाळलेली पट्टी, जिला क्लॉकस्प्रिंग म्हणतात, ती तुटलीये अशी दाट शक्यता. १९९४ पासून या ट्रकला ड्रायव्हरची एअरबॅग आहे. म्हणून स्टिअरिंग उघडायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून निदान १५ मिनिटं थांबा, एअरबॅगच्या वायरीला मल्टीमीटर अजिबात लावू नका, आणि काढलेली एअरबॅग ठेवताना तोंड वर करून ठेवा. याची खात्री वाटत नसेल तर एवढं एक काम मेकॅनिककडून करून घ्या, त्यात काही कमीपणा नाही. बटणं मोजायची झाली तर ऑफ दाबल्यावर जवळपास शून्य, कोस्टला १२० च्या आसपास, सेटला ६८०, रिझ्यूमला २२०० ओहम. एखादंच बटण चालत नसेल तर बटणांचा सेट बदला, सगळीच मेली असतील तर बटणांना दोष देऊ नका, करंट वरपर्यंत येतोय का ते शोधा.

क्रूझ लागतं पण वेग वरखाली होत राहतो, तर सर्व्होपासून (क्रूझच्या मोटरपासून) थ्रॉटलपर्यंत जाणारी केबल बघा. ती सैल असली की मोटर आधी सैल केबल ओढते, मग थ्रॉटल एकदम उघडतो, मग ती परत सोडते. क्लिप काढून सैलपणा ओढून घ्या, पण पूर्ण ताणू नका, साधारण दीड मिलिमीटर ढील राहिली पाहिजे. क्लिप लावल्यावर हाताने थ्रॉटल पूर्ण उघडून सोडा, तो टक्कन पूर्ण बंद झालाच पाहिजे. रेंगाळत असेल तर ट्रक रस्त्यावर काढायचा नाही.

तपासणी मोकळ्या सरळ रस्त्यावर, गर्दी नसताना. ३० मैलांच्या खाली क्रूझ लागत नाही, म्हणून ४५-५० वर सेट करा. लागलं की लगेच ब्रेकला नुसता पाय टेकवा, ब्रेक लाइट लागेल इतकाच, क्रूझ सुटलं पाहिजे. रिझ्यूम दाबा, परत पकडलं की ऑफने सोडवा. परत सेट करून या वेळी क्लच, असेल तर. यातलं एक जरी सुटलं नाही तर क्रूझ वापरू नका, कारण शोधून होईपर्यंत त्याचा फ्यूज काढून ठेवा, पण त्याच फ्यूजवर आणखी काय चालतं ते फ्यूजच्या तक्त्यात बघूनच काढा. घरी आलात की अ‍ॅक्सलखाली एकदा बॅटरी मारून सेन्सरच्या बुडाशी तेल झिरपलंय का बघा, ओलं दिसलं तर ओ-रिंग नीट बसलेली नाही.